उजव्या थैल्यातले दगड

आकाराम तात्यांना गाठोड्यातलं सगळं कळतं, असं आमच्या वस्तीवर लहानथोर सगळे मानतात. देवाची काठी घेऊन आटपाडीच्या माळावरून पालच्या खंडोबापर्यंत पौषातल्या थंडीत सहा दिवस पायी जायचं, तर अंगावर काय घ्यायचं, पाठीवर काय घ्यायचं आणि घरी काय ठेवायचं, हे त्यांच्याशिवाय कोणी ठरवत नाही. निघायच्या आदल्या दिवशी बिरोबाच्या देवळापुढं आम्ही चाळीसजण आपापली गाठोडी घेऊन बसतो आणि तात्या एकेकाचं उचलून बघतात. काटा लागत नाही. हातात धरलं की सांगतात, "साडेपाच. येक किलो काढ." आणि काय काढायचं तेही तेच सांगतात.

पहिली निघते ती नवी चप्पल. नव्या चपलेनं निघालेला माणूस दुसऱ्या दिवशी वाटेवरच्या कुणाच्यातरी पिकअपमध्ये बसलेला असतो. घोंगडं एकच घ्यायचं, पण चांगल्या लोकरीचं. स्वेटर असला तरी घोंगडं पाहिजेच, कारण पहाटे दव पडतं आणि भिजलेला स्वेटर अंगावर गार पडतो. कानटोपी, मोज्यांचे दोन जोड, टाचांना लावायला खोबरेल, फोड आला तर सुई आणि सुती दोरा. कडक भाकरी, शेंगदाण्याची चटणी, बॅटरी. बीपी-शुगरच्या गोळ्या गाठोड्यात ठेवायच्या नाहीत, त्या कमरेच्या पिशवीत, कारण गाठोडं मागं राहू शकतं. पोरं पॉवर बँक आणतात, तिला तात्या हल्ली काही म्हणत नाहीत. गेल्या वर्षी एकानं गाणी लावायचा स्पीकर आणला होता. तो तात्यांनी उचलून देवळाच्या ओट्यावर ठेवला आणि म्हणाले, "ऱ्हाऊ दे हितंच. बिरोबाला करमत न्हाई."

मी मंगल. अंगणवाडीत मदतनीस आहे. तात्यांच्या आणि आमच्या घरामध्ये एकच भिंत, त्यामुळं त्यांच्या घरातला खोकलासुद्धा मला ओळखता येतो. लोक मला तोंडाळ म्हणतात आणि ते खरं आहे. पण ह्या पौषात जिथं तोंड उघडायला हवं होतं तिथंच मी गप्प बसले, आणि ते मला अजून आतून खातंय.

झालं असं की निघायच्या चार दिवस आधी हरणाबाई मावशीनं, म्हणजे तात्यांच्या बायकोनं, मला दुपारी घरात बोलावलं आणि दाराला कडी घातली. खाटेवर सामान मांडलेलं. रोजची पाच लुगडी, ठेवणीतली दोन, तांब्याचा तांब्या, तिच्या आईचा लोखंडी तवा, आधार कार्ड, डोळ्यांच्या डॉक्टरची फाईल, आणि नातीसाठी शिवलेली जाडजूड वाकळ. मी म्हटलं, "मावशे, सहा दिवसांच्या यात्रेला तवा कशाला?"

"मी परत येनार न्हाई," मावशी म्हणाली. "वाटंत ओगलेवाडीला उतरनार. अपेक्षाकडं ऱ्हानार."

अपेक्षा त्यांची एकुलती एक लेक. कराडच्या एका दवाखान्यात नर्स आहे, नवरा पुण्याला कंपनीत. दोन वर्षांची अबोली शेजारणीकडं टाकून तिला रात्रपाळीला जावं लागतं. लेकीनं आईला बोलावलं होतं. मावशीनं तात्यांना तीनदा विचारलं. तिन्ही वेळा तात्या म्हणाले, "आठ दिस जा आनि ये. लय दिस कशाला? घर कोन बघायचं, घोडी कोन बघायची?" रागानं नाही हं. तात्या रागावत नाहीत. गाठोड्यातून चप्पल काढावी तसं ते लोकांच्या मनातलं काढून बाजूला ठेवतात आणि त्यांना वाटतं, झालं, ओझं हलकं झालं.

"चौथ्यांदा इचारनार न्हाई," मावशी म्हणाली. "काठीसंगं निघालेल्या बाईला कोन आडवत न्हाई. तू कुनाला बोलू नगंस."

मी शब्द दिला. तिच्याबरोबर बसून गाठोडं बांधलं, आणि तव्याला लुगड्यात गुंडाळलं, म्हणजे बाहेरून हाताला लागायला नको. मला तेव्हा मोठी मर्दुमकी केल्यासारखं वाटलं.

आता तुम्ही म्हणाल, तात्यांनी तपासलं असतं की. नाही. तात्या बाईचं गाठोडं कधी उघडत नाहीत. नुसतं उचलतात. हा नेम लोकांना देवाचा वाटतो, पण तो कुठून आला ते मावशीनं मला एकदा सांगितलं होतं, जोंधळा निवडताना, मान वर न करता.

छत्तीस वर्षांमागची गोष्ट. तेव्हा तात्यांची मेंढरं होती आणि दिवाळी झाली की बिऱ्हाड घोड्यावर घालून कोकणात उतरायचं. बिऱ्हाड बायकाच बांधायच्या, पण घोड्यावर चढवून दोर आवळायचा आणि काय मागं ठेवायचं हे ठरवायचं काम तात्यांचं. पाटणला त्यांनी मावशीचं गाठोडं सोडून उघडलं. एका बाजूला ओझं कलत होतं. तात्या म्हणाले, खाली कोकणात उकडतंय, वाकळ कशाला, आणि ती ओळखीच्या घरी ठेवली. पुढं कोयनानगरच्या वर अवकाळी पावसानं गाठलं. दोन दिवस उघड्यावर अडकले. इंद्रजित नावाचा त्यांचा पहिला मुलगा, नऊ महिन्यांचा. त्याची छाती भरली. हेळवाकच्या दवाखान्यात पोचेपर्यंत संपलं होतं.

त्या दिवसापासून तात्यांनी बायकोच्या गाठोड्याला हात लावला नाही. तिच्याच काय, कुठल्याही बाईच्या नाही. पण तोंडानं एक शब्द बोलले नाहीत. मावशी म्हणाली, "येकदा चुकलं म्हनले आस्ते तर मी रडून मोकळी झाले आस्ते." अपेक्षा नंतर तीन वर्षांनी झाली. मेंढरं विकून आता आठ वर्षं झाली, तीन एकर डाळिंब आहे, आणि जुन्या बिऱ्हाडातली एकच घोडी उरली आहे, चांदणी. काठीबरोबर तीच चालते. खोगिराच्या उजव्या थैल्यात सगळ्यांचा शिधा, डाव्यात साठीच्या वरच्या बायकांची गाठोडी आणि तात्यांचं.

तपासणीच्या दिवशी तात्यांनी मावशीचं गाठोडं उचललं. तात्यांनी ते दोन क्षण धरून ठेवलं आणि काही न बोलता डाव्या थैल्यात ठेवलं. किती वजन ते सांगितलं नाही. मला वाटलं, म्हातारा गडबडीत विसरला. बरं झालं म्हणून मी देवळात नारळसुद्धा फोडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघालो. थंडी अशी की बोलताना तोंडातून वाफ. चांदणीवर ओझं चढवलं तर खोगीर डावीकडं सरकलं. तात्यांनी इकडं तिकडं बघितलं, बांधावरचा एक दगड उचलला, फडक्यात गुंडाळला आणि उजव्या थैल्यात टाकला. खोगीर सरळ झालं. आमच्या लोकांना ह्यात काही वावगं वाटलं नाही. घोड्याची बाजू कलली की दुसऱ्या बाजूला दगड टाकायचा, हे बापजाद्यांपासून चालत आलंय.

पण उजव्या थैल्यात शिधा होता आणि चाळीस माणसं तो रोज खात होती. पहिल्या मुक्कामाला पीठ कमी झालं, सकाळी दुसरा दगड. दुसऱ्या मुक्कामाला तांदूळ संपत आला, तिसरा दगड. पोरं हसायला लागली, "तात्या, देवाचा गाभारा बांधायचाय का?" तात्या हसले नाहीत. मलाही हसू येईना. दर सकाळी ते दगड शोधायला वाकले की मी दुसरीकडं बघायची, कारण तो दगड कशाच्या बदल्यात चाललाय ते मला ठाऊक होतं. मावशीलाही दिसत होतं. ती बायकांच्या घोळक्यात पुढं चालायची आणि ओझं चढवायच्या वेळी पाठ फिरवून उभी राहायची.

विट्याच्या मुक्कामावरून निघताना चौथा दगड पडला, तेव्हा काठीचे मानकरी हंबीरराव पुढं आले. जनावरांवर जीव असलेला माणूस. म्हणाले, "तात्या, घोडीचं वय झालंय. ही दगडं कशापायी? अख्खं गठुडं हलवलं तर उजवीकडं कलंल, पर डाव्या थैल्यातलं येखादं सोडा, चार वस्तू उजवीकडं टाका, झालं."

"डावीकडं बायकांची गठुडी हायत," तात्या म्हणाले.

"मग त्यास्नी सोडाय सांगा की."

"न्हाई. हाय ते बराबर हाय."

हंबीररावांनी माझ्याकडं बघितलं, म्हणजे बायकांकडून कोणीतरी बोलावं. मी चपलेचा अंगठा नीट करायला खाली वाकले. मावशी लांबून माझ्याकडंच बघत होती. त्या दिवशी कडेगावपर्यंत मी तिच्याशेजारी चालले आणि एकदाच म्हटलं, "मावशे, तवा तरी काढून मी घेते." ती म्हणाली, "आता दीड दिस ऱ्हायला. सोड." तिचा चेहरा कडेगावात सुजल्यासारखा दिसत होता. रडली असेल, मी विचारलं नाही.

पाचव्या दिवशी सुर्लीचा घाट. कडेगाव सोडून पुढं आलं की रस्ता कराडच्या बाजूला खाली उतरतो. चढाला ओझं मागं जातं, उताराला पुढं येतं आणि खोगीर खांद्यावर घासतं, हे तात्यांनीच आम्हाला शिकवलेलं. दुसऱ्या वळणावर चांदणी थांबली. ओढलं तरी हलेना. मग तिचे पुढचे पाय दुमडले आणि ती रस्त्याच्या कडेला बसली. ओझ्यासकट घोडं बसलं म्हणजे त्याच्या जिवावर आलं, हे आमच्यातल्या प्रत्येकाला कळतं. मागून येणारे उसाचे ट्रॅक्टर हॉर्न वाजवत होते.

तात्यांनी दोर सोडले, खोगीर उचललं. खाली कातडं गेलेलं होतं. तळहाताएवढी जागा, लाल, ओली. हंबीररावांनी ते बघितलं आणि त्यांचं डोकं फिरलं. त्यांनी उजवा थैला उलटा केला. शिध्याची दोन गाठोडी पडली आणि त्यांच्यावर दगड. हंबीररावांनी एकेक दगड उचलून घाटाखाली भिरकावला, मोठ्यानं मोजत. पाच होते.

"देवाच्या घोडीवर दगडं वाहिली!" ते ओरडले. "कुनाच्या गठुड्यासाठी? बोला की!"

मी बोलायला हवं होतं. माझ्या जिभेवर आलं होतं. माझ्याआधी मावशी पुढं आली.

"माझ्या," ती म्हणाली. आणि मग तात्यांच्या समोर उभी राहिली. "पाच दिस दगडं घालत आलासा. उघडून का न्हाई बघितलं?"

तात्या घोडीच्या पाठीवर ओलं फडकं धरून बसले होते. वर न बघता म्हणाले, "बघायचं काय त्यात? उचललं तवाच कळलं. परत येनारं मानूस एवढं घेत न्हाई."

मावशी हलली नाही. आजूबाजूला चाळीस माणसं होती, पण ती दोघंच असल्यासारखी बोलत होती. "मग बोलला का न्हाई?"

"बोललो आस्तो तर काढ म्हनलं आस्तं. मला दुसरं काय येतंय?" तात्यांनी फडकं उलटून परत जखमेवर धरलं. "येकदा काढ म्हनलं. तेवढ्यानं पोर गेलं आपलं. आता परत तसं म्हननार न्हाई."

छत्तीस वर्षांत पहिल्यांदा ते तोंडातून निघालं होतं, आणि तेही एका जखमी जनावराच्या पाठीवर हात ठेवून, भर रस्त्यात. मावशी मटकन खाली बसली. तिनं पदर तोंडात धरला आणि ती रडली, मोठ्यानं, आमच्याकडं माणूस गेल्यावर रडतात तशी. कोणी तिला उठवलं नाही. मला दोघांचा राग आला होता आणि दोघांची कीव येत होती. हे दोघं एकमेकांशी बोलले नाहीत आणि त्याची किंमत मुक्या घोडीनं भरली. आणि मी, जिला सगळं ठाऊक होतं, मी वाटभर खंडोबाची गाणी म्हणत टाळ वाजवत आले.

मागून येणारा एक पिकअप थांबला. शिधा आणि बाकीची गाठोडी त्यात घातली. मावशीचं गाठोडं घालायला गेले तर तात्यांनी ते माझ्या हातातून घेतलं. डोक्यावरचा फेटा सोडून चुंबळ केली आणि ते गाठोडं स्वतःच्या डोक्यावर ठेवलं. आमच्यात पुरुष बायकोचं गाठोडं डोक्यावर घेत नाही. पोरांनी मोबाईल काढले, तर हंबीररावांनी एकाच्या हातावर फटका मारला. तात्या घाट उतरायला लागले. मागं चांदणीला धरून मी, आणि माझ्यामागं मावशी.

ओगलेवाडीत अपेक्षाचं घर रस्त्यापासून आत, दोन खोल्यांचं. ती दारातच होती, दवाखान्यात जायच्या तयारीत, काखेत अबोली. बापाच्या डोक्यावर आईचं गाठोडं बघून ती दारातून बाजूला सरली. तात्यांनी गाठोडं उंबऱ्याच्या आत ठेवलं. नातीच्या पायाला बोट लावलं. अपेक्षा म्हणाली, "आबा, आत या. च्या तरी घ्या."

"घोडी उन्हात हुबी हाय," तात्या म्हणाले आणि वळले.

मावशी उंबऱ्यात उभी राहिली. मला वाटलं, आता हाक मारील. किंवा तात्या तरी मागं बघतील. दोघांनीही काही केलं नाही. गल्लीच्या टोकाला गेल्यावर तात्यांनी फेटा परत बांधायला घेतला, पण तो त्यांना नीट बांधता येईना, तेव्हा तसाच खांद्यावर टाकला.

सहाव्या दिवशी पालला पोचलो. भंडाऱ्यानं माणसं पिवळी झाली होती, रस्ते पिवळे, तारळी नदीचं पाणीसुद्धा काठाला पिवळं. यळकोट यळकोट म्हणताना सगळ्यांच्या घशातून आवाज निघत होता, तात्यांचे फक्त ओठ हलत होते. जनावरांच्या डॉक्टरनं चांदणीला मलम लावलं आणि सांगितलं, महिनाभर पाठीवर काही घालायचं नाही, गाडीतही नको, दांडीला घासेल. हळूहळू चालवत न्या.

आम्ही बाकीचे दुसऱ्या दिवशी सकाळी एसटीनं परत येणार होतो. तात्या चांदणीबरोबर पायी, एकटेच, थांबत थांबत. म्हणजे त्यांचं सामान ह्या वेळी त्यांच्या पाठीवर. निरोप घ्यायला मी धर्मशाळेच्या ओवरीत गेले, तर ते जमिनीवर बसले होते आणि समोर सगळं पसरलेलं. घोंगडं, धोतर, दोन बंड्या, कानटोपी, गोळ्यांची पाकिटं, तेलाची बाटली. अर्धा तास झाला म्हणे तसेच बसले होते. फडक्याची दोन टोकं हातात होती.

"मंगल," ते म्हणाले, "माझ्या गठुड्यात काय काय आसतं गं?"

मला आधी कळलंच नाही. मग कळलं आणि मी तिथंच खाली बसले. चाळीस माणसांची गाठोडी बघणाऱ्या ह्या माणसानं आयुष्यात स्वतःचं गाठोडं कधी बांधलं नव्हतं. ते बांधून तयार असायचं. त्यांनी ते नुसतं घ्यायचं. मला मावशीच्या गाठोड्यातला तवासुद्धा माहीत होता, पण तात्यांच्या गाठोड्यात कुठली गोळी सकाळची आणि कुठली संध्याकाळची, हे मी तरी कुठून सांगणार?

"मला न्हाई ठावं, तात्या," मी म्हटलं.

त्यांनी गोळ्यांची पाकिटं उलटसुलट करून बघितली. मग म्हणाले, "लाव तिला फोन."

मी अपेक्षाचा नंबर लावला आणि ऐकू यावं म्हणून स्पीकर चालू करून फोन त्यांच्यासमोर ठेवला. मावशीनं उचलला. मागं अबोली काहीतरी आपटत होती. तात्या फोनजवळ वाकले आणि म्हणाले, "मी बोलतोय. माझ्यात काय घालायचं आसतं? मला ठावं न्हाई."

पलीकडचं आपटणं थांबलं. मग मावशी बोलायला लागली, हळू, एकेक करून. लाल पाकिटातली सकाळी जेवायच्या आधी, पांढरी रातच्याला. गोळ्या कमरंला बांधा. धोतर खाली, बंड्या वर. तेल फडक्यात गुंडाळा, न्हाई तर सांडंल. डाव्या गुडघ्याचा पट्टा घोंगड्याच्या घडीत हाय, तो उतरताना घाला. ती सांगेल तसं तात्या एकेक वस्तू उचलून ठेवत होते आणि दर वेळी विचारत होते, "आनि काय?" तिनं घोडीची पाठ कशी आहे ते विचारलं, तात्यांनी सांगितलं. तिनं कानटोपी सांगितली, ती त्यांनी बाजूला काढून ठेवली, घालायला. जमिनीवरचं सगळं फडक्यात गेलं, गाठ बसली, खाली काही उरलं नाही. बाहेर एसटीचा कंडक्टर आमच्या नावानं ओरडत होता. मी फोन परत घ्यायला हात पुढं केला, तर तात्यांनी तो आपल्याकडं ओढून घेतला आणि पुन्हा विचारलं, "आनि काय?"